ओल्या फडक्याची रेघ

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास युक्रेनच्या गॅसवापराची रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत होती, तेवढ्यात खेमराजच्या मोबाइलवर गॅस एजन्सीचा मेसेज आला. ग्राहकाचं नाव रेवताबाई मोतीलाल मारबते, राहणार कारधा. पहिल्या सिलिंडरनंतर चौदा महिन्यांत आपल्या जोडणीवर एकही सिलिंडर घेतलेला नाही. वापर बंद असल्यास कळवावे. खेमराजनं तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि पुन्हा युक्रेनकडे वळला. एक्क्याण्णव सालापासून ही रेघ उतरतेच आहे, कुठे धापकन, कुठे रेंगाळत, पण उतरतेच. तिच्याखाली दोन ओळींची टीप लिहायची होती. त्यानं एक शब्द लिहिला, खोडला. मग मोबाइल सुलटा केला. रेवताबाई त्याची आई होती.

त्यांच्याकडचा आकडा हरवला असेल, असं त्याला आधी वाटलं. हे वाटणं त्याच्या कामातूनच आलेलं. भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून तो पुण्याच्या एका कंपनीसाठी बासष्ट देशांच्या नैसर्गिक वायूच्या वापराचे तक्ते जुळवायचा. खाली पितळेवर ठोके पडत असत आणि वर तो एका देशाच्या रेघेवर दुसऱ्या देशाची रेघ ठेवून पाहत असे. अमेरिकेची सगळ्यांच्या वर, छताला टेकलेली. चीनची वीस वर्षांत जिन्यासारखी चढलेली, एखाद्या पायरीवर जरा थांबून पुन्हा चढणारी. जपानची अणुभट्ट्या बंद पडल्यावर एकदम वर गेलेली, मग दमून खाली. जर्मनीची बावीस साली कोणी हात धरून ओढावं तशी पडलेली. भारताची खाली, जमिनीलगत, शेतातल्या बांधासारखी. आहे हे दिसतं, पण उंची सांगवत नाही. प्रत्येक रेघेखाली वाढली की घटली हे लिहायचं आणि घटली असेल तर चारांपैकी एक कारण निवडायचं. हवामान. किंमत. दुसरं इंधन. काटकसर. पाचवं कारण तक्त्यात नव्हतं. आणि एखाद्या देशानं एखाद्या वर्षी आकडाच दिला नाही, तर ती जागा मोकळी ठेवायची नाही. मागच्या वर्षीचा आकडा तिथे ठेवायचा आणि शेजारी चांदणी काढायची. चांदणी म्हणजे हा आकडा आम्हाला कोणी सांगितलेला नाही, आम्ही धरून चाललो आहोत. मोकळी जागा असली की रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ पाहणाऱ्याला बघवत नाही. सात वर्षं तो हेच करत होता. सात वर्षांत त्यानं किती देशांची किती वर्षं धरून चालवली होती याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता.

चौदा महिने. एक सिलिंडर एका बाईला किती पुरेल? दोन वेळचा भात, वरण, भाजी, चहा तीनदा, आंघोळीचं पाणी. तीन महिने. ओढूनताणून चार. खेमराजला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. एखाद्या देशाची रेघ चौदा महिने अशी जमिनीला चिकटून राहिली असती, तर त्यानं दुसऱ्या दिवशी तांबडी खूण करून पुण्याला विचारलं असतं, की इथे काय झालं, युद्ध झालं का, माणसं कुठे गेली. पण ही जोडणी त्याच्याच मोबाइलवर होती. नवा सिलिंडर नोंदवला की मेसेज त्यालाच यायचा. तो आला नाही, एकदाही नाही, आणि न येणाऱ्या मेसेजकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आलेल्या गोष्टी दिसतात. न आलेल्या दिसायला माणसाला बसून त्यांची वाट पाहावी लागते. त्यानं वाट पाहिली नव्हती. विचारलं होतं एकदा, उन्हाळ्यात, गॅस कोन आनून देते माय, आणि गल्लीतल्या ऑटोवाल्याचं नाव घेऊन माय म्हणाली होती, जागेश्वर आनते ना. आणि त्यानं ते धरून चालवलं होतं, चांदणीसुद्धा न काढता.

त्याआधीची गोष्ट अशी, की मायला दम लागत होता. नदीवरून घरापर्यंत येताना ती दोनदा बसायची, एकदा घाटाच्या पायरीवर, एकदा हापशीजवळ. खेमराजनं तिला गाडीवर बसवून भंडाऱ्यात आणलं. डॉक्टरांनी तिच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि जोरात फुंका म्हणाले. माय नळी काढून हसली. म्हणाली, "फुकाची तं मले सवयच आहे डॉक्टरसाहेब, जनमभर फुकतच तं आली." आणि तिनं फुंकलं, डोळे मिटून, खांदे वर घेऊन, आणि पडद्यावर एक रेघ उठली, बोटभर चढली आणि बसली. डॉक्टर समजावून सांगू लागले, पण खेमराजला सांगावं लागलं नाही. शेजारीच बारीक ठिपक्यांची दुसरी रेघ होती, या वयाच्या बाईची असायला हवी ती. त्यानं दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मधली जागा पाहिली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. धूर पूर्ण बंद केला तर उरलेलं सावकाश जाईल, नाहीतर वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न. म्हणजे वर जाणारी रेघ या कागदावर कुठेच नव्हती. उतरण किती ठेवायची, एवढंच हातात. त्याच आठवड्यात खेमराजनं धावपळ करून गॅस लावला. लाल सिलिंडर, दोन तोंडांची शेगडी, नवी नळी. जागेश्वरनं आपल्या ऑटोत घालून सिलिंडर आणला, मायनं सिलिंडरला हळदकुंकू लावलं, शेगडीवर पहिल्यांदा चहा झाला. निळा जाळ पाहून माय म्हणाली, "आवाज नाही, काही नाही. इस्तो आहे का नाही समजतच नाही." त्या दिवशी परत येताना जुन्या पुलावर खेमराजला फार हलकं वाटलं होतं. आयुष्यात त्यानं एक रेघ तरी हातानं धरून ठेवली होती.

त्यानं खोलीला कुलूप लावलं. खाली दुकानदार म्हणाला, आज बुधवारीच? खेमराज गाडीकडे निघाला. त्याचं जाणं रविवारी, अकराला, हे दुकानदारालाही ठाऊक होतं. निघण्याआधी तो फोन करायचा, निघालो माय, आणि माय म्हणायची, हाव, ये. मग गाडी, गर्दी, पूल, वीस मिनिटं. ही वीस मिनिटं त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती. आज त्याला ती एकेक करून दिसू लागली, रिकाम्या चौकटी दिसाव्यात तशी.

त्यानं फोन केला नाही.

पुलाखाली पाणी उभं होतं. धरण भरल्यापासून नदी इथे वाहत नाही, थांबून असते, हिरवी, जाड, कडेला जलपर्णी दाटलेली. बाबा होते तेव्हा पहाटे याच पाण्यात जाळं टाकायचे. सकाळी माय चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर झिंगे पसरायची. खालचा धूर वर जाई, झिंगे तांबूस होत, कडक होत, आणि मंगळवारच्या बाजाराला जात. खेमराजची पुस्तकं, त्याची फी, नागपूरची होस्टेलची खोली, सगळं त्या धुरातून आलेलं. त्याच्या पहिल्या नोकरीच्या शर्टाला धुराचा वास होता आणि शेजारी बसणारा पोरगा विचारायचा, तू रोज हॉटेलात जेवतोस का? आता बाबा नव्हते, नदीत मासळी उरली नव्हती, तट्टा रिकामा होता. पण वास होता. दर रविवारी घरात पाऊल टाकलं की तो यायचा आणि खेमराज स्वतःला सांगायचा, भिंतीत मुरलेला आहे, चाळीस वर्षांचा धूर एका वर्षात कसा जाईल. चूल थंड असायची, शेणानं सारवलेली. ओली. ओली! दर रविवारी ती ओली असायची, आणि त्याला वाटायचं, वापरत नसली तरी सणासारखी सारवून ठेवते.

कारध्याच्या नाक्यावर जागेश्वर ऑटोत आडवा होऊन बिडी ओढत होता. गाडी पाहून उठला.

"काय खेमराजभाऊ, आज कोन्या देशाचा गॅस संपला?"

गावात त्याच्या कामाची ही नेहमीची थट्टा होती. खेमराज हसला नाही.

"जागेश्वर, माह्या मायले सिलिंडर तूच आनून देते ना?"

"मी? पयला आनला तोच. तुह्या समोर तं आनला." जागेश्वरनं बिडी विझवली. त्याची नजर खेमराजच्या तोंडावरून गाडीवर, गाडीवरून रस्त्यावर गेली. "आज इतवार नाही ना बे?"

"नाही."

"फोन केला काकूले?"

"काहून?"

जागेश्वर मान खाली घालून ऑटोची सीट झटकू लागला. तिथे झटकण्यासारखं काही नव्हतं. "करून टाक भाऊ," तो म्हणाला, "बुढीची धावपळ होते. इतवारी तू निघाला का तिची अशी घाई राहते, पानी मार, चूल सारव, लाकडं घरामांगं सांदवाडीत फेक. मागच्या डावा गुड्डी गेली होती मदतीले." मग तो उगाच हसला. "आमी तं घड्याळ लावून घेतो. मारबत्याच्या घरचा धूर बंद झाला म्हंजे सव्वाअकरा."

गल्लीला माहीत होतं. गुड्डी म्हणजे जागेश्वरची सात-आठ वर्षांची मुलगी, तिलाही माहीत होतं. दर रविवारी तो चहा पीत असताना दारावरून जाणारा प्रत्येक माणूस आत बघून, काय खेमराज, कवा आला, म्हणायचा आणि पुढे जायचा, त्या प्रत्येकाला माहीत होतं. खेमराजनं गाडी सुरू केली. त्याला राग यायला हवा होता. तो येत होता, पण कोणावर ठेवायचा ते ठरत नव्हतं, आणि तोवर घर आलं.

धूर लांबूनच दिसला. कौलांच्या फटींतून, एका जागेहून नाही, सगळीकडून, घर स्वतःच श्वास सोडत असल्यासारखा. आत माय चुलीपुढे बसली होती, पाठमोरी, एक गुडघा वर, हातात फुकनी. ती फुंकत होती. खेमराज दारात उभा राहिला. तिनं गाल भरले, फुकनीला तोंड लावलं, फू केलं. मग फुकनी खाली ठेवली, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि श्वास घेऊ लागली. मान पुढे, गळ्याची हाडं वर, प्रत्येक श्वासाला एक बारीक शिट्टी. चार श्वास. पाच. सहा. जाळ पुन्हा बसू लागला होता. तिनं फुकनी उचलली. फू. एक फुंकर आणि सहा श्वास. खेमराजनं मोजले नव्हते, मोजले गेले. डॉक्टरांच्या पडद्यावरची ती बोटभर रेघ त्याला धुरात स्पष्ट दिसली, आणि ही बाई ती रेघ तोडून तोडून चुलीत घालत होती, काडी काडी.

"माय."

तिनं वळून पाहिलं. आधी त्याच्याकडे नाही; दाराकडे, उजेडाकडे, जणू कुठला दिवस आहे ते तिथे लिहिलेलं असावं.

"काहून आला बाबू? आज तं इतवार नाही."

"नाही."

"फोन नाही केला?"

"नाही केला."

"असा कसा आला मंग," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं, आणि उठायला गेली आणि उठता आलं नाही म्हणून बसून राहिली. "तब्येत बरी आहे ना तुही?"

कोपऱ्यात ओट्यावर शेगडी होती, तिच्यावर गुड्डीच्या जुन्या फ्रॉकचं पांघरूण. खाली सिलिंडर, त्याला अजून हळदकुंकवाचे डाग. खेमराजनं पांघरूण ओढून फेकलं. बटण फिरवलं. काडी लावली. निळा जाळ भप्पकन उठला आणि गोल उभा राहिला, स्वच्छ, न हलणारा. त्यानं दुसरं तोंडही पेटवलं. वर काही नव्हतं, ना भांडं, ना पाणी. दोन निळी वर्तुळं नुसतीच जळत राहिली. "हे काय आहे?" तो म्हणाला. त्याला ओरडायचं नव्हतं, तो ओरडत होता. "हे कायले आनलं होतं मी? पाहाले?"

"बंद कर."

"नाही करत."

"बंद कर रे बापा, जाऊन राहिला गॅस. फुकट जाऊन राहिला." माय आता उठली होती, भिंतीला धरून. तिच्या तोंडावर जे होतं ते खेमराजनं बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती त्याच्या हाताशी आली आणि बटणाकडे हात करू लागली, आणि श्वास पुरेना म्हणून हात मध्येच थांबला, आणि तशीच, थांबलेल्या हातानं, ती रडू लागली. "बंद कर ना बाबू. तेवढाच आहे. मी जपून ठेवला. एवढे महिने ठेवला. पाया पडते, बंद कर."

त्यानं बंद केलं. एक बटण, दुसरं बटण. जाळ गेला तरी माय त्या जागेकडे पाहत होती.

चुलीवरचा भात अर्धा कच्चा होता. मग खेमराज हळू आवाजात म्हणाला, "कोनासाठी जपून ठेवला माय?"

"कोनासाठी म्हंजे? माह्यासाठीच."

"मंग वापर ना."

"आता कायले? आता तं फुकता येते मले." ती त्याच्याकडे असं पाहत होती की इतकी साधी गोष्ट या शिकलेल्या पोराला कशी कळत नाही. "डॉक्टरनं सांगतलं ना, दम कमी कमी होत जाईन म्हनून. मी आयकत होती. मंग एक दिवस फुक माराले दम राहनार नाही. तवा काय करू? तू भंडाऱ्याले. तवा बटन फिरवलं का झालं. तवासाठी ठेवला."

हवामान. किंमत. दुसरं इंधन. काटकसर.

खेमराज चुलीपुढे बसला. तिला समजावून सांगायला त्याच्याजवळ वाक्य होतं, ते त्याला दिसतही होतं. तू दम घालवून गॅस वाचवते आणि तो गॅस दम गेल्यावर वापराले ठेवते, माय, हे उलटं आहे. पण त्या वाक्याला लागायची पुढची वाक्यं त्याच्याजवळ नव्हती. संपला तर दुसरा आणू, हे तो चौदा महिन्यांपूर्वीच बोलला होता आणि ती हाव म्हणाली होती. गॅस संपतो आणि पुन्हा येतो, यावर तिचा विश्वास नव्हता. नदी आली नाही पुन्हा. मासळी आली नाही. बाबा जाळं टांगून, येतो म्हणून दवाखान्यात गेले. संपेल ते राखून ठेवायचं, एवढंच तिला येत होतं, आणि श्वासाबद्दल तिला कोणी राखायला शिकवलं नव्हतं. तो तर फुकटचा, कोणी आणून देत नाही, कोणी नोंदवत नाही. माझ्याकडे ये म्हणावं? आणलं होतं तिला, भंडाऱ्याच्या खोलीवर, आठ दिवस. आठव्या दिवशी ती खिडकीशी बसून म्हणाली होती, इथं इस्तो नाही, घर मेल्यावानी वाटते, आणि पिशवी भरून दाराशी बसली होती. मग चूल फोडावी? त्यानं चुलीकडे पाहिलं. फोडली असती तर तिनं नदीवरून माती आणली असती, दोनदा बसत, एकदा हापशीजवळ, एकदा पायरीवर.

जाळ विझला. नुसता धूर राहिला. माय फुकनीकडे हात नेऊ लागली तशी खेमराजनं ती उचलली आणि फुंकलं. राख उडून त्याच्याच डोळ्यांत गेली. पुन्हा फुंकलं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, छाती ठीकठाक, आणि तिसऱ्या फुंकरीला त्याच्या डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागले. माय बाजूला बसून पाहत होती. आता ती रडत नव्हती. "गाल नको फुगवू," ती म्हणाली, "पोटातून मार. बारीक. लांब." त्यानं बारीक, लांब मारली. निखाऱ्याला तांबडं तोंड आलं. "हांऽ," माय म्हणाली, "तुह्या बाबाले नाही जमलं कधी." भात शिजला. दोघांनी तो खाल्ला. धुराचा वास असलेला तो भात त्याला इतका आवडला, की त्यानं दुसऱ्यांदा घेतला आणि घेताना त्याला स्वतःची शिसारी आली.

निघताना माय दारापर्यंत आली. खेमराज गाडीला किक मारत असताना ती म्हणाली, तोंड दुसरीकडे करून, लहान पोरीसारखी, "इतवारी येशीन तं फोन करून येजो."

परतताना पुलाआधी रस्त्याच्या कडेला पिवळे खांब होते. मोठ्या शहरांकडे जाणारी वायूची नळी खालून जाते, खोदू नका, असं त्यांच्यावर लिहिलेलं. खेमराजच्या तक्त्यात मोजला जायचा तो हा, जमिनीखालून कुठून कुठे जाणारा. मायच्या लाल डब्यातला गॅस त्या तक्त्यात नव्हता. तो खनिज तेलातून निघणारा, वेगळ्या खात्याचा. तिनं रोज एक सिलिंडर जाळला असता तरी भारताची रेघ केसाएवढी हलली नसती. लाकडंही त्या तक्त्यात नव्हती. फुंकर तर कुठल्याच तक्त्यात नव्हती. बासष्ट देशांच्या बासष्ट रेघांमध्ये त्याची माय कुठेही नव्हती, आणि सात वर्षं तो त्या रेघांना डोळे लावून बसला होता.

तीन वाजता पुण्याहून टीनाचा फोन आला. टीना त्याची वरिष्ठ, मूळची नागपूरची, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि म्हणून त्याला भाऊ म्हणून झापणारी.

"खेमराजभाऊ, युक्रेनची टीप कुठे आहे? एक ओळसुद्धा नाही."

"कारण ठरत नाहीये."

"त्यात ठरवायचं काय? चार दिलीत ना, एक निवडा. अर्ध्या जगाला तर तुम्ही किंमत लावून मोकळे होता."

"ज्यांनी वापरलाच नाही, पुढे लागेल म्हणून ठेवला, त्यांचं काय लिहायचं?"

"कोणत्या देशाबद्दल बोलताय?"

खाली पितळेवर ठोके पडत होते.

"काटकसर लिहा," टीना म्हणाली, जरा मऊ आवाजात. "आणि भाऊ, मोकळ्या चौकटी संध्याकाळपर्यंत भरून टाका हं. मागचंच पुढे घ्या."

त्यानं युक्रेनला काटकसर लिहिलं. तसं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तिथले कारखाने बंद झाले होते, माणसं घरं सोडून गेली होती, युद्ध होतं. पण वाक्य पूर्ण झालं आणि रेघेखाली नीट बसलं. मग मोकळ्या चौकटी. एका देशाचं एक वर्ष, दुसऱ्याची दोन. मागचा आकडा उचलायचा, पुढे ठेवायचा. रेघ सरळ जायची, तुटायची नाही, पाहणाऱ्याला बरं वाटायचं. संध्याकाळी पत्रक पाठवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की चांदण्या काढायच्या राहिल्या. त्यानं पत्रक उघडलं, पाहिलं आणि तसंच बंद केलं.

गुरुवारी त्यानं एजन्सीला कळवलं, वापर चालू आहे. शुक्रवारी तो डॉक्टरांकडे गेला, रांगेत बसला आणि नंबर यायच्या आत उठला, कारण जे विचारायचं त्याचं उत्तर डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलं होतं. शनिवारी त्यानं ठरवलं, रविवारी न सांगता जायचं, आणि दर बुधवारीही, आणि मध्येच केव्हाही, म्हणजे तिला चूल लावताच येणार नाही. हे ठरवून त्याला झोप लागली. मग सकाळी आंघोळ करताना त्याला ती दिसली, दिवसभर दाराकडे कान लावून बसलेली, गाडीचा आवाज आला की पाण्याचा तांब्या उचलून धावणारी, धावता न येणारी, आणि निखाऱ्यावर पाणी पडलं की उठतो तो सगळा धूर एकदम छातीत घेणारी.

अकराला त्यानं फोन केला. "निघालो माय."

"हाव, ये." आणि मग, घाईत, शिट्टी वाजणाऱ्या आवाजात, "सावकाश ये."

तो सावकाश गेला. पुलावर त्यानं गाडी कडेला लावली आणि कठड्याला टेकून उभा राहिला. वीस मिनिटं तिला पुरत नाहीत, हे त्याला आता कळलं होतं. हिरवं पाणी हलत नव्हतं. पलीकडे, झाडांच्या वर, कारध्याच्या कौलांवरून एक धूर उठत होता, बाकीच्यांतून वेगळा ओळखू यावा असा नाही, तरी त्यानं ओळखला. तो पातळ होत गेला. तुटला. पुन्हा जरासा आला. मग नाही. खेमराजनं आणखी दहा मिनिटं जाऊ दिली.

नाक्यावर जागेश्वर होता. त्यानं नुसता हात वर केला.

घरात चूल सारवलेली होती, ओली, कडेला बोटांचे ठसे. शेगडीवर चहा उकळत होता, खाली निळा जाळ. मायनं लुगडं बदललं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, आणि बोलत नव्हती, कारण बोलण्यासाठी आधी श्वास जागेवर यावा लागतो आणि तो येत नव्हता. खेमराज समोर बसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. चहाकडे पाहत राहिला, तिला वेळ मिळावा म्हणून. चहा उतू आला तसा त्यानं उठून गाळला, दोन कपांत, आणि बटण लगेच बंद केलं. मायच्या डोळ्यांत त्याबद्दल काहीतरी आलं. आभार म्हणावेत असं.

"चांगला झाला चहा," तो म्हणाला.

"गॅसचा आहे ना."

"हाव."

वास दोघांच्याही मधे होता, ताजा, ओल्या राखेचा. मग मायला हुशारी आली. तिनं फडकं पाण्यात बुचकळलं, पिळलं, सिलिंडरपाशी सरकली आणि वरपासून खालपर्यंत ते लाल लोखंड पुसून काढलं. हे तिला गिरजाबाईनं, जागेश्वरच्या आईनं, शिकवलं होतं. जिथे गॅस नाही तिथलं पाणी लवकर सुकतं, जिथे आहे तिथलं ओलं राहतं. "पाह्य आता," ती म्हणाली. दोघं पाहत बसले. वरचा भाग फिकट झाला, ओल खाली सरली, आणि गळ्यापासून चार बोटांवर येऊन थांबली. सरळ, आडवी, गोल फिरून गेलेली रेघ. बुधवारी त्यानं नुसताच जाळलेला आणि रविवारच्या चहांना लागलेला, एवढाच गॅस गेला होता. बाकी सगळा जागेवर.

"पाह्यलं का?" मायनं रेघेवर बोट ठेवलं. बोट हलत होतं, पोटातून येणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर, आणि रेघ हलत नव्हती. "कसा राखला."

"हाव माय," खेमराज म्हणाला. "चांगला राखला."

ती इतकी खूश झाली की तिला खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. तोवर सिलिंडरवरची ओलही सुकून गेली आणि डबा सगळीकडून सारखा दिसू लागला. खेमराजनं कप विसळून पालथे घातले, फ्रॉकचं पांघरूण शेगडीवर नीट पसरलं, चारही टोकं खाली ओढली. दारात चप्पल घालताना, मागे न वळता, तो म्हणाला, "पुढच्या इतवारी निघाच्या अर्धा घंटा आधीच फोन करीन."